डबा सुटला

सोमवार, १७ नोव्हेंबर

आज पाण्याखाली डोळे उघडले. एकदाच, आणि लगेच मिटले, पण उघडले. तळाच्या निळ्या फरश्या थरथरताना दिसल्या. बासष्टाव्या वर्षी माणसाला अजून काही नवं दिसू शकतं, त्याबद्दल आजचे आभार.

आभाराच्या ओळीची सवय कॉन्व्हेंटमधली. सकाळच्या प्रार्थनेनंतर सिस्टर वह्या काढायला लावत आणि आम्ही मुली ‘आईने शिरा केला’ किंवा ‘गणिताचा तास झाला नाही’ असलं काहीतरी खरडत असू. दुसरी ओळ वाचून सिस्टर हसल्या होत्या, ते अजून आठवतं.

आमची क्रांती मात्र हसत नाही. जलतरण तलावावर दुपारच्या बायकांच्या बॅचला तीच शिकवते. आमच्या लेकीपेक्षा, अवनीपेक्षा, लहान असेल, पण आवाज असा की पलीकडच्या बाकावर बसलेल्याही दचकतात. “काकू, मान ढिली सोडा की! पाणी काय खातंय व्हय तुम्हाला?”

खात नाही, हे मलाही माहीत आहे. मानेला माहीत नाही.

हे सगळं यांच्यासाठी. यांना विसरण्याचा आजार सुरू झालाय, असं डॉक्टर गणपतीच्या सुमाराला म्हणाले. सुरुवातच आहे, सगळं नेहमीसारखं चालू ठेवा, मात्र पाण्यात एकट्याने सोडू नका. जन्मभर पंचगंगेत पोहलेल्या माणसाला हे सांगायचं! हे खिडकीबाहेर बघत राहिले. घरी येताना रिक्षात मीच म्हणाले, “मी शिकते पोहायला. मग तुम्ही एकटे कुठे?” तेव्हा हसले. ते हसू परत बघायला मिळावं म्हणून मी रोज दुपारी तो घट्ट अंगभर सूट चढवते. चढवायला जेवढा वेळ लागतो तेवढा वेळ तर मी पाण्यातही नसते.

गुरुवार, २० नोव्हेंबर

आज फार लाजले. हंबीररावांचा फोन आला. हंबीरराव म्हणजे यांचे शाळेपासूनचे मित्र; यांना अजून ‘दत्त्या’ म्हणणारे आता तेवढेच. घरचा ऊस, म्हशी, आणि पहाटे यांच्याबरोबर घाटावर पोहणं. आता यांना नेतात आणि घरी आणून सोडतातही तेच.

फोनवर पहिलाच प्रश्न: “वैनी, डबा सुटला का?”

मी म्हटलं, “नाही हो, डबा आम्ही कधी लावलाच नव्हता. स्वयंपाक मी घरीच करते.”

पलीकडे असा हशा झाला की मी फोन कानापासून लांब धरला. तिथे त्यांच्या सौ. चिमणाबाई पण ऐकत असणार.

मग यांनी समजावलं. घाटावर पोरांना पोहायला शिकवताना पाठीला डबा बांधतात. तेलाचा रिकामा, झाकणाला डाक देऊन बंद केलेला. पोरगं तरंगत राहतं, हात मारायला शिकतं. आणि ज्या दिवशी डब्याशिवाय पोहतं, त्या दिवशी घरी जाऊन सांगतं, माझा डबा सुटला. यांनी अशी कितीतरी पोरं शिकवली.

“पण डबा सोडायची वेळ झाली हे पोराला कसं कळतं?” मी विचारलं.

“त्याला नाहीच कळत. पाण्यात असताना मागून हळूच गाठ सोडायची. सांगायचं नसतं. सांगितलं की बुडतं.”

जन्म कोल्हापुरात गेला आणि मला डबा म्हणजे पोळी-भाजीचाच डबा! पण आम्हाला घाटावर पाठवलंच कुणी? पावसाळ्यात शाळेची बस शिवाजी पुलावरून गेली की कठड्यावरून पुराच्या पाण्यात उड्या मारणारी मुलं दिसायची. सिस्टर म्हणायच्या, तिकडे बघू नका. सगळ्या मुली तिकडेच बघायच्या. त्यांत हेही असणार. म्हणजे लग्नाच्या आधी मी यांना बघितलेलं असणार, आणि तेही नको म्हटलेलं असताना.

बुधवार, ३ डिसेंबर

आज मन ठिकाणावर नाही. सकाळी घाटावरून हंबीरराव गाडी काढेपर्यंत हे एकटेच चालू लागले. गंगावेशीत, म्हशीचं ताजं दूध प्यायला मिळतं त्या दूध कट्ट्याजवळ उभे होते, टॉवेल खांद्यावर, रस्त्याकडे पाठ करून. एका ओळखीच्या माणसाने ‘सर, कुठं निघालासा?’ विचारलं तर म्हणाले, “तेच बघतोय.”

घरी आल्यावर चहा घेतला, पेपर वाचला, शब्दकोडं सोडवलं. त्यातला मला न आलेला शब्दही सांगितला.

दुपारी अचानक पाण्याची मोटर सुरू करायला शिकवू लागले. कुठली कळ आधी, हवा धरली तर काय करायचं. मी म्हटलं, “तुम्ही आहात ना.” म्हणाले, “हात बसू दे.” गेल्या आठवड्यात फ्यूज घालायला शिकवला, त्याआधी स्कूटर. मला वाटतं, गणिताच्या मास्तरांचा शिकवायचा मूळ स्वभाव. शाळा सुटली, नदीवरची पोरं सुटली, आता वर्गात मी एकटीच उरले. काढता पाय घेता येत नाही. मोटर मात्र दुसऱ्या खेपेला सुरू झाली. आभार.

शुक्रवार, १९ डिसेंबर

हंबीररावांनी नवीन काढलंय. जानेवारीत मालवणला जायचं, तिथून छोट्या बोटीने एका बेटावर, दिवसभर समुद्रात पोहायचं आणि संध्याकाळी परत. ते दोघं, आम्ही दोघं आणि घाटावरचे विजयसिंह, जे शिरोलीच्या फाउंड्रीतून निवृत्त झाले. “नदीचं गोडं पाणी लई झालं. आता खारं बघूया.”

यांचे डोळे असे चमकले, की मी नाही म्हणूच शकले नाही. रात्रीपर्यंत थांबून विचार करायला हवा होता, लगेच हो म्हणून बसले.

अवनीला पुण्याला फोन केला. ती रागावली. “आई, बाबांना समुद्रात? तुला कळतंय का? परवा ते गंगावेशीत हरवले!”

हरवले नाहीत, उभे होते, असं म्हणणार होते, म्हटलं नाही. शेवटी तिने अट घातली: बेटावर एक जरी गडबड झाली, तर नदी कायमची बंद. मी हो म्हटलं. तिचंही चुकत नाही, लांब राहून काळजी करणं जास्त अवघड.

बोलून वळले तर हे दारात. “चहा टाकतेस?” एवढंच म्हणाले. ऐकलं की नाही, कळलं नाही.

सोमवार, ५ जानेवारी

खोल बाजूला गेले. कठड्याच्या जवळून, पण गेले. क्रांती वरून चालत होती, “जावा, जावा, मी हाय!” मध्येच तिने कुणाला तरी हाक मारायला तोंड फिरवलं आणि मी कठडा धरला. ती वळून म्हणाली, “काकू, तुम्हाला येतंय. फक्त कुणी बघत नसलं की येत न्हाय.”

घरी हे सांगितलं तर यांनी पेपर खाली ठेवला. “असं म्हणाली?” आणि जेवताना परत विचारलं, “काय म्हणाली ती मुलगी?” विसरले म्हणून विचारलं असं मला वाटलं, पण मी सांगितलं तसं ओठ हलवत पाठ केल्यासारखं ऐकलं.

नंतर हंबीररावांना फोन लावून गच्चीवर बराच वेळ बोलत होते. मित्र आहेत, हेच केवढं मोठं.

गुरुवार, १५ जानेवारी

उद्या निघायचं. शेंगदाण्याची चटणी, धपाटे, भडंग, लिंबाचं लोणचं. मोठा स्टीलचा डबा भरला. ‘हा माझा डबा, हा सुटणार नाही’ असं म्हणून यांना दाखवला, तर किती हसले! डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. चेष्टा इतकी काही चांगली नव्हती.

शुक्रवार, १६ जानेवारी, मालवण

राधानगरी, दाजीपूर, फोंडा घाट. गाडीत विजयसिंह पुढे, आम्ही दोघी आणि हे मागे, आणि चिमणाबाईंच्या मांडीवर सुक्या मटणाचं पातेलं. गव्यांच्या जंगलातून जाताना पातेल्याचा वास सुटला. हंबीरराव म्हणाले, “झाकण नीट लावा, गवं गाडीत येतील.”

“गवं मटण खात न्हाईत,” चिमणाबाई म्हणाल्या. “तुम्ही खाताय. तुमच्यापासनंच झाकलंय.”

संध्याकाळी किनाऱ्यावर बसलो. मी समुद्र या आधी फक्त साडी वर धरून, घोट्यापर्यंत पाण्यात उभी राहून बघितलाय. हे वाळूत बसून बोटाने काहीतरी काढत होते. मला वाटलं गणित. जवळ जाऊन बघितलं तर बेट, बोट आणि दोन टिंबं.

“ही कोण?” मी विचारलं.

“एक तू,” म्हणाले. दुसरं सांगण्याआधी लाट आली.

शनिवार, १७ जानेवारी

आजचं आजच लिहायला हवं.

बोट लहान, वर ताडपत्री. बोटवाले मालवणचेच, वयाने आमच्याएवढे. निघतानाच त्यांनी सांगून टाकलं, “जाकीट घातल्याशिवाय कोणी पाण्यात उतराचा नाय.”

हंबीररावांना अपमान वाटला. “ओ पावणं, आम्ही महापुरात शिवाजी पुलावरनं उड्या मारल्यात!”

“मारल्यात आसतल्यो. ह्यो पूर न्हय, दर्या.”

चिमणाबाई एवढ्या खूश झाल्या की त्यांनी बोटवाल्यांना तिथल्या तिथे मटण देऊ केलं. हंबीरराव जॅकेट चढवत पुटपुटले, “म्हंजे शेवटी डबाच बांधला की म्हातारपणी.”

बेट अगदी छोटं. काळे खडक, वर थोडं गवत, आणि आडोशाच्या बाजूला वाळूची एक पट्टी. पाणी इतकं स्वच्छ की बोटीची सावली तळाशी दिसत होती. वाळूजवळ कमरेएवढं पाणी, बोटीपासून पुढे खोल. मी शिडीवरून उतरले आणि जॅकेटने मला बुचासारखं वर उचललं. खारं पाणी हलकं असतं म्हणे. म्हणजे पाणी नव्हे, आपण. आभाळाकडे तोंड करून नुसती तरंगत होते. शेजारी हे, आणि पलीकडे चिमणाबाई बोटीत बांबू घट्ट धरून: “मी इथनंच पवतीया. तुमचं चालू द्या.” किती बरं वाटलं, ते लिहिता येणार नाही.

मग सगळे वाळूवर आलो, धपाटे खाल्ले. परत पाण्यात शिरलो तर माझं जॅकेट कानापर्यंत वर चढू लागलं. हे म्हणाले, “पट्टा चुकीच्या कडीत अडकलाय. काढ, नीट करून देतो.” कमरेएवढ्या पाण्यात उभी राहून मी ते काढून दिलं. चिमणाबाई बोटीतून काही विचारत होत्या, मी त्यांच्याशी बोलत राहिले.

वळले तर हे नव्हते. माझं जॅकेट वाळूवर, घडी घालून ठेवल्यासारखं. आणि हे खडकाच्या कडेकडेने संथ हात मारत चाललेले, अंगात त्यांचं स्वतःचं जॅकेट. खडक संपतो तिथे थांबले. आमच्याकडे पाठ. समोर फक्त समुद्र. तेच ते गंगावेशीतलं उभं राहणं, फक्त आता पायाखाली जमीन नव्हती.

“अहो!” मी ओरडले.

हंबीरराव आणि विजयसिंह, दोघांनीही वळून बघितलं. बोटवाल्यांनीही. हे सोडून सगळ्यांनी.

“अहो! इकडे या!”

नाहीच.

हंबीरराव माझ्यापेक्षा त्यांच्या जवळ होते. पण छातीएवढ्या पाण्यात नुसते उभे. घाबरले असतील बिचारे, माणूस कितीही धिप्पाड असो. बोटवाले दोर बांधलेली रिंग घेऊन उठले, तेव्हा हंबीररावांनी त्यांच्याकडे बघून हात वर केला; बोलावत असावेत. आणि मला ओरडले, “वैनी, जावा!”

मी गेले. कशी गेले ते आठवत नाही. मान ढिली होती की ताठ, कोण जाणे. पाण्याखाली डोळे उघडे होते, एवढं नक्की, कारण वाळू संपून खाली गडद हिरवं झालेलं मला दिसलं. तोंडात खारं पाणी गेलं. वर आले, परत हाक मारावी म्हटलं तर ‘अहो’ निघेना. या माणसाला आता ‘अहो’ कोण, हेच माहीत नसेल तर? आणि मग मी घाटावरच्या पोरासारखी ओरडले, “दत्त्या! ए दत्त्या!”

ते लगेच वळले.

पोचले आणि त्यांच्या जॅकेटचा पट्टा मुठीत धरला. श्वास पुरत नव्हता. हे माझ्याकडे बघत होते, अगदी स्वच्छ नजरेने, वर्गात बरोबर उत्तर देणाऱ्याकडे बघावं तसं.

“आलीस? डबा कुठाय?”

“बोटीत,” मी म्हटलं. “भूक लागली का? धपाटे आहेत अजून.”

ते हसायला लागले. “तो नव्हे गं.”

मग मी माझ्या खांद्यांकडे बघितलं.

घाबरायला तेव्हा वेळ होता, पण घाबरायचं कशाला ते सुचेना. मी त्यांचा पट्टा सोडला. “चल,” ते म्हणाले, आणि आम्ही शेजारी शेजारी परत आलो. मध्ये एकदा मी थकले, तर थांबून नुसती तरंगले. तेही थांबले.

हंबीररावांनी दोन्ही हातांनी पाणी उडवलं. “डबा सुटला ओ वैनींचा!”

“आणि नवऱ्याला दत्त्या म्हणाल्या, त्ये?” बोटीतून चिमणाबाई. “कॉन्व्हेंटात हेच शिकवत्यात व्हय?”

बोटवाले मात्र हंबीररावांवर फार चिडले होते. मालवणीत बरंच काही सुनावलं, मला सगळं कळलं नाही. हंबीररावांनी निमूट ऐकून घेतलं आणि विचित्र म्हणजे शेवटी त्यांना हात जोडले.

परतताना हे माझ्या खांद्याला टेकून बसले होते. म्हणाले, “आता काळजी नाही.” समुद्र शांत होता, किनाऱ्यावरची माडांची रांग दिसू लागली होती. मीही म्हटलं, “हो, आता पोचलोच.”

रविवार, १८ जानेवारी

कोल्हापूर. सूट वाळत टाकलाय, मिठाने कडक झालाय.

अवनीचा फोन आला. सगळं ठीक झालं म्हणून सांगता आलं असतं. चिमणाबाईंनी तसं सुचवलंही होतं. पण मी सांगून टाकलं. बाबा खडकापाशी दिशा चुकले, हाक ऐकू आली नाही, मी जाऊन आणलं.

तिने सगळं ऐकून घेतलं. मग, “आई, ठरल्याप्रमाणे नदी बंद ना?”

“नाही,” मी म्हटलं. माझाच आवाज मला क्रांतीसारखा वाटला. “उद्यापासून मी पण घाटावर जाणार. पाण्यात, कपडे सांभाळायला नव्हे.”

“तू? नदीत?”

“डॉक्टर एकट्याने नको म्हणाले होते. पाणी नको, असं कधी म्हणाले?”

मग हळूच म्हणाली, “जॅकेटशिवाय गेलीस? खरंच?” ती लहान असताना पहिल्यांदा मागून तिची सायकल सोडून दिली होती, तेव्हाचा तिचा आवाज. ठेवताना म्हणाली, “सकाळी नदीवरून आलात की मेसेज करायचा. रोज.” म्हणजे हो.

फोन खाली ठेवून बघितलं तर हे दारात होते. या वेळी चहा मागितला नाही. स्वतः टाकायला गेले. गॅस पेटवला, साखर घातली, आणि पावडर कुठे असते ते विचारायला परत आले.

गुरुवार, २२ जानेवारी

नदी समुद्रापेक्षा थंड आहे. आणि जड. पण पहाटे पाण्यावरून वाफ निघताना त्यात उतरणं म्हणजे काय, हे मला बासष्ट वर्षं कुणी सांगितलं नव्हतं. त्या बसमधल्या सगळ्या मुलींना सांगावंसं वाटलं.

परत येताना गाडीत यांनी विचारलं, “तुला पोहायला कुणी शिकवलं?”

मला वाटलं चेष्टा. पण चेहरा खरोखर विचारणारा होता. मी मालवण सांगितलं, बोट, बेट, मटणाचं पातेलं, दर्या. ते लक्ष देऊन ऐकत होते, दुसऱ्या कुणाची छान गोष्ट ऐकावी तसे. त्यातलं काहीच राहिलेलं नाही त्यांच्याकडे. पुढे हंबीरराव गाडी चालवत होते, आरशात बघून त्यांनी डोळे पुसले.

मी बाहेर बघू लागले. गंगावेशीत दूध पिणाऱ्यांची गर्दी होती.

थोड्या वेळाने हे म्हणाले, “म्हणजे डबा सुटला तुझा.”

“सुटला.”

“कुणी सोडला?”

“तुम्ही.”

त्यांनी विचार केला. मग जरा काळजीने, माझ्याकडे वाकून, “तुला सांगितलं नव्हतं ना?”

“नाही.”

“बरोबर,” ते म्हणाले, आणि ओला टॉवेल माझ्या खांद्यावर नीट केला.